बाहुल्यांची उन्हाळी फेरी

बडोद्याच्या दक्षिणेस असलेले मकरपुरा हे नाव एके काळी राजवाड्यामुळे लोकांच्या तोंडी होते. खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास तेथे शिकारीसाठी आणि उन्हाळ्यात राहण्यासाठी वाडा बांधविला आणि सयाजीराव महाराजांनी तो पुढे वाढविला. नंतर तो वाडा हवाई दलाच्या शिक्षणकेंद्राकडे गेला, भोवतालच्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उठली, आणि राजेलोक जेथे विसाव्यास येत तेथे पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकली धावू लागल्या. कारखाना आला की माणसे चोहोंकडून येतात. अशा वसाहतीतील एखाद्या ख्रिस्तमंदिरात रविवारी चरोतरातील गुजराती, गोवेकर, मल्याळी, तमिळ, वसई किंवा नगरकडील मराठी आणि पूर्वेकडील डोंगरांतून आलेला आदिवासी अशी माणसे एकाच बाकावर बसलेली आढळावीत, यात नवल नाही. मिस्सा संपली की जो तो आपापल्या भाषेत बोलू लागतो, एवढेच.

मे महिन्याची सुट्टी लागली की अशा धर्मग्रामातील तरुण मंडळापुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो : आता काय करावयाचे? क्रिकेटचे सामने होतात, एखादी सहल निघते, गाण्यांची स्पर्धा होते. या नेहमीच्या कार्यक्रमांऐवजी एखाद्या वर्षी मंडळाने बाहुल्यांची पेटी खांद्यावर घेऊन दहा-पंधरा दिवस गावोगाव खेळ करीत हिंडावयाचे ठरविले, तर ते कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. अमेरिकेतील चर्चमधून तरुणांची अशी पथके उन्हाळ्यात दौऱ्यावर निघतात, तेव्हा ही तिकडूनच उचललेली कल्पना आहे असे कोणी म्हणेल. परंतु बाहुली आणि धर्म यांचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे, आणि आपल्या मुलखाला तर ते मुळीच परके नाही.

१२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो या गावी गव्हाणीचा देखावा मांडला. त्यात बाहुल्या नव्हत्या. खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत होते. पुढे त्या देखाव्यात लाकडाच्या व मातीच्या मूर्ती आल्या. आणि मूर्ती आली की तिचा हात हलवून पाहण्याचा मोह माणसास आवरत नाही. दोरीवर नाचणाऱ्या बाहुलीस फ्रेंच भाषेत मारिओनेत म्हणतात, तो शब्दही मरिया या नावाच्या लाडक्या रूपावरूनच आलेला आहे.

युक्रेनमध्ये या मोहातून एक फार गमतीचा प्रकार जन्मास आला. त्याला वेर्तेप म्हणतात. वेर्तेप म्हणजे गुहा, अर्थात बेथलेहेमची. हा खेळ म्हणजे खांद्यावरून नेता येईल अशी एक लाकडी पेटी. तिला दोन मजले. वरच्या मजल्यावर बाळ येशूचा जन्म, देवदूत, मेंढपाळ; खालच्या मजल्यावर हेरोद राजाचा दरबार. तळाच्या फळीला खाचा पाडलेल्या असत आणि त्या खाचांतून तारेवर बसविलेल्या बाहुल्या इकडून तिकडे नेल्या जात. खाचा दिसू नयेत म्हणून फळीवर केसाळ कातडे अंथरीत. हेरोदाचा अंत झाला, मृत्यू व सैतान त्याला घेऊन गेले, की त्याच खालच्या मजल्यावर गावकरी अवतरत. म्हातारा-म्हातारी नाचत, कोसॅक शिपाई बढाया मारी, दारूच्या पैशांवरून भांडणे होत. वरच्या मजल्यावरची भाषा पोथीची आणि खालच्या मजल्यावरची बाजाराची. सतराव्या व अठराव्या शतकांत कीव्ह येथील धर्मविद्यालयाचे गरीब विद्यार्थी सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडत, स्तोत्रे म्हणत, नाट्यप्रवेश करीत आणि पोटापुरते धान्य, पाव, चार नाणी मिळवीत. त्यांच्याच हातांनी ही पेटीही खेड्यापाड्यांतून फिरली. चर्चच्या तरुणांचा दौरा म्हणून ज्याला म्हणता येईल, त्याचा यापेक्षा अस्सल पूर्वज सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण गुजरातेतील ख्रिस्ती तरुणांना अधिक जवळचे वाटेल, कारण ते डॉन बॉस्को यांचे आहे. १८१५ साली तुरीनजवळच्या एका वाडीत जन्मलेला हा मुलगा जत्रेतील डोंबाऱ्यांकडे टक लावून पाहून त्यांच्या युक्त्या शिकला. घरामागच्या कुरणात दोन झाडांमध्ये दोर बांधून तो त्यावरून चाले आणि शेजारपाजारच्या लोकांना जादूचे खेळ दाखवी. खेळाचे मोल म्हणून प्रेक्षकांनी आधी जपमाळ म्हणावयाची आणि रविवारचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकावयाचे, असा त्याचा दंडक होता. (खेळ चांगला असल्याखेरीज असला दंडक कोणी चालवून घेणार नाही, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.) पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी तुरीनमधील अनाथ व कामकरी मुलांना आपल्या छत्राखाली घेतले, आणि विशेषतः १८५९ ते १८६४ या वर्षांत शरद ऋतूच्या सुटीत त्या मुलांना घेऊन ते मोन्फेराटोच्या टेकड्यांतील गावे पायी पालथी घालू लागले. पुढे वाद्यवृंद वाजे आणि मागून गाढवावर लादलेले नाटकाचे सामान येई. गावात शिरताच संगीत, सकाळी मिस्सा, रात्री चौकात नाटक. झोपावयास गवताची गंजी आणि जेवावयास गावच्या फादरांनी अथवा एखाद्या जमीनदाराने शिजविलेला मक्याचा घाटा. १८६४ ची शेवटची मोठी पदयात्रा जेनोवापर्यंत पोहोचली होती.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि आजच्या दौऱ्यांतून नेमकी तीच हरवलेली दिसते. कीव्हचे विद्यार्थी गावाचा पाव खात होते, तुरीनची मुले गावचा घाटा खात होती. गाव देणारे होते आणि खेळ करणारे घेणारे होते. आज शहरातून खेड्याकडे निघालेले कोणतेही पथक, मग ते चर्चचे असो, महाविद्यालयाचे असो की एखाद्या सेवासंस्थेचे, काहीतरी वाटावयास निघालेले असते : वह्या, खाऊ, औषधे, उपदेश. देणाऱ्याच्या खेळाला गाव टाळ्या देते, कारण तो शिष्टाचार आहे. मात्र ज्याला आपण जेवू घातले, त्याचा खेळ रटाळ झाला तर गाव उठून जाते, आणि तसा त्याला हक्कच पोहोचतो. उठून जाण्याची ही भीती असल्यावाचून कोणताही खेळ सुधारत नाही. म्हणून मकरपुऱ्यातून निघणाऱ्या पथकाने पहिला नियम करावा तो असा, की पेटीत बाहुल्यांखेरीज वाटण्यासारखे काहीही न्यावयाचे नाही आणि रात्रीचे जेवण गाव जे देईल ते गावात बसून जेवावयाचे.

पेटी गावोगाव फिरविण्याची कल्पना बडोद्यास तर नवी नाहीच. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानास लागू केला. वाचावयास शिकलेली मुले वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेले विसरतात, हे ओळखून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. त्यांचे काम पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी चालविले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावांना पाठवावयाच्या, वाचून झाल्या की परत मागवून दुसऱ्या भरून द्यावयाच्या, अशी ती फिरती ग्रंथालये होती. याच खात्याची एक शाखा जादूचा कंदील व चलच्चित्रयंत्र घेऊन खेड्यांतून हिंडे आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांना चित्रे दाखवी. शिक्षणाचा खटाटोप करणाऱ्या संस्थानालाही शेवटी चित्र हलवून दाखवावे लागले, यात बरेच काही आले.

मराठी मुलखातही बाहुलीचे आयुष्य रस्त्यावरच गेले. सूत्राने हलणाऱ्या बाहुलीस जुन्या मराठीत साइखडे म्हणत. ज्ञानदेवांनी तेराव्या शतकाच्या शेवटी सिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, म्हणजे शके १२१२ मध्ये, तो दृष्टान्त वापरला आहे. दृष्टान्त नेहमी श्रोत्यांच्या ओळखीच्या वस्तूचाच द्यावा लागतो. तेव्हा त्या काळी हा खेळ लोकांनी पाहिलेला होता, हे उघड आहे. आज त्याचे सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी अशा तिन्ही कला जतन केल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय आणि देवळांतील खेळ यांवर ही मंडळी जगत असत. बाहुल्यांची अगर चित्रांची पोथी घेऊन देवळात जावयाचे, रामायण-महाभारतातील आख्यान लावावयाचे आणि गाव देईल ते घेऊन पुढच्या गावी निघावयाचे. संस्थाने गेली, करमणुकीची साधने बदलली, आणि चित्रांच्या पोथ्या जमा करणारे शहरी शौकीन दारात येऊ लागले. कला विकली जाते आणि कलावंत उपाशी राहतो, असा तो विचित्र काळ होता. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभारले आणि खेळ चालू ठेवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शासनाने मान दिला ही आनंदाची गोष्ट आहे. पण देवळातील त्या जुन्या रात्री मानपत्राने परत येत नाहीत. त्यांना खेळावयास गावे हवी असतात.

चर्चच्या तरुणांनी पिंगुळीकरांची आख्याने उचलावीत असे नव्हे. ती ज्यांची आहेत त्यांचीच राहोत. परंतु दोरी कशी धरावी, एकाच माणसाने चार पात्रांचे चार आवाज कसे काढावेत, गाणे कोठे थांबवावे आणि बोलणे कोठे सुरू करावे, हे शिकावयाचे असेल तर बाजारातून स्पंजाच्या तयार बाहुल्या आणण्यापेक्षा एका पिंगुळीकरास आठ दिवस मानधन देऊन बोलाविणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गुजरातेतही गुरूंची वाण नाही. अहमदाबादच्या दर्पण संस्थेत मेहेर कॉन्ट्रॅक्टर यांनी बाहुलीच्या खेळास शास्त्रशुद्ध शिक्षणाचे स्वरूप दिले. महिपत कवी यांचे आयुष्य याच कलेत गेले आणि २०२३ साली त्यांचाही पद्मश्रीने गौरव झाला.

आता सर्वांत अवघड प्रश्न येतो, तो भाषेचा. मकरपुऱ्याच्या पथकातील एका मुलाची मातृभाषा मल्याळी, दुसरीची मराठी, तिसऱ्याची कोकणी. खेळ ज्या गावी करावयाचा तेथील लोक बोलतात गुजराती, आणि पूर्वेकडे छोटा उदेपूरच्या बाजूस गेले तर राठवी. मग बाहुलीने बोलावयाचे कोणत्या भाषेत? शहरी मंडळींचे उत्तर ठरलेले असते : हिंदीत, कारण ती सर्वांना समजते. सिनेमातील हिंदी समजते हे खरे. पण घरातील म्हातारीला हसू येते ते तिच्या घरच्या भाषेत, आणि म्हातारी हसली नाही तर नातवंडेही फार वेळ हसत नाहीत.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर राजस्थानच्या भाटांनी केव्हाच शोधून ठेवले आहे. नागौरकडील हे भाट कठपुतळ्या घेऊन वर्षातील बरेच महिने देशोदेशी हिंडत आणि पावसाच्या सुमारास घरी परतत. दोन बाजा उभ्या करून त्यांना कापड बांधले की यांचे नाट्यगृह तयार. नायक बहुधा अमरसिंह राठोड, १६४४ साली आग्ऱ्याच्या दरबारात सलाबतखानास ठार करणारा. कठपुतळीला पाय नसतात, लांब घागरा असतो. आणि तिला शब्दही नसतात. खेळविणारा तोंडात बांबू व कातडे यांची एक बारीक शिट्टी धरतो आणि तिच्यातून बाहुलीचा चिरका आवाज काढतो. पडद्यापुढे ढोलक घेऊन बसलेली त्याची बायको अगर भाऊ त्या चिरचिरीचा अर्थ लोकांना सांगतो, मधूनच उलट प्रश्न विचारतो, बाहुलीशी भांडतोही. त्या शिट्टीला ते लोक बोली म्हणतात. मराठी कानाला हा योगायोग मोठा गोड वाटतो.

या युक्तीचा मर्म असा, की बाहुली कोणत्याच प्रांताची राहत नाही आणि ढोलकवाला मात्र ज्या गावी खेळ असेल त्या गावाचा होऊ शकतो. मकरपुऱ्याच्या पथकाने हेच करावे. पडद्यामागे चार भाषांची मुले असू देत. त्यांनी शिट्टीवर बाहुल्या बोलवाव्यात. पडद्यापुढे ढोलक घेऊन बसणारा मात्र त्या त्या गावचा असावा. राठवांच्या गावी राठवी बोलणारा, चरोतरात तिथली गुजराती बोलणारा. त्याला दुपारी गोष्ट सांगून ठेवावी, बाकीचे त्याच्यावर सोडावे. तो आपल्या पदरचे दहा विनोद घालील, गावच्या पाटलाला चिमटा काढील, कदाचित गोष्ट थोडी वाकवीलही. वाकवू द्यावी. ख्रिस्ती मंडळींना तर हे सांगावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात राहून १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र कीर्तनाच्या बैठकीवर नेले. ऐकणाऱ्याच्या घरी जावयाचे तर त्याच्या उंबरठ्याच्या उंचीप्रमाणे वाकावे लागते, हे त्या दोघांनीही मनापासून मान्य केले होते.

मार्गाचाही विचार हवा. बडोद्याच्या प्रतापनगर स्थानकावरून डभोईवरून छोटा उदेपूरकडे रेल्वे जाते. डभोई म्हणजे तेच गाव, जेथून मियागामपर्यंत खंडेराव महाराजांनी १८६२ साली अरुंद रुळांची गाडी सुरू केली आणि आरंभी ती बैलांकडून ओढविली. इंजिनापूर्वी बैल, हा क्रम फिरत्या पथकाला फार समजुतीचा वाटावा. रेल्वेने मोठ्या गावी उतरावे आणि पुढे जीप अगर पाय. मे महिन्यात या भागात पारा चाळिशीच्या वर असतो; तेव्हा प्रवास पहाटे, दुपार झाडाखाली, खेळ दिवेलागणीनंतर. हेच लग्नसराईचे दिवस. कामासाठी दूर गेलेली माणसे घरी आलेली असतात, त्यामुळे प्रेक्षक भरपूर, पण ढोल वाजू लागला तर बाहुल्यांना कोण विचारतो! लग्न असेल त्या गावी खेळ लावू नये. पथकानेच लग्नात जेवून यावे.

राठवांची घरे पाहणे हाही मुलांच्या शिक्षणाचाच भाग ठरेल. नवस फेडताना त्यांच्या भिंतीवर पिठोरा रंगविला जातो : घोड्यांच्या रांगा, पेरणी, शिकार, जत्रा, सगळे विश्व एका भिंतीवर. चितारणाऱ्यास लखारा म्हणतात. परेशभाई राठवा यांना या चित्रकलेसाठी २०२३ सालीच, महिपत कवींच्या बरोबरीने, पद्मश्री मिळाली. चित्रातून गोष्ट वाचण्याची ज्या लोकांना इतकी सवय आहे, त्यांच्यापुढे शहरी मुलांनी अक्षरांचे फलक घेऊन जावे, हा आचरटपणा आहे.

एका धोक्याची सूचना येथे करावीच लागते. वेर्तेपच्या खालच्या मजल्यावर हशा पिकत असे तो पुष्कळदा शेजाऱ्यांची टवाळी करून. ज्यू, जिप्सी, पोलंडचा माणूस, यांची सोंगे आली की लोक खो खो हसत. आणि ते हसू निरुपद्रवी नव्हते, हे पुढील इतिहासाने दाखविले. बाहुलीला लाज नसते, म्हणून ती जे माणूस बोलू धजत नाही ते बोलून जाते. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांतूनही गावंढळ नोकर, बोबडा मद्रासी, दारूडा आदिवासी ही पात्रे हमखास हशा मिळवितात. दारूविरुद्ध खेळ करावा असे पथकातील कोणाला तरी वाटेलच. वाटावे, विषय खराच आहे. पण मग दारू पिणारी बाहुली मकरपुऱ्याची असावी. पगाराच्या दिवशी कारखान्यातून निघून घरी रित्या हाताने पोहोचणारा कामगार हे पात्र मुलांच्या पूर्ण ओळखीचे आहे, आणि ते पाहून राठवा हसला तर त्यात दोघांचीही अब्रू शाबूत राहते.

तसेच धर्माच्या गोष्टीचे. गुजरातेत २००३ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. बळाने, फसवणुकीने अगर आमिषाने केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरविले आहे. कायद्यापलीकडे माणसांच्या मनातील संशयही असतो, आणि चर्चचे नाव घेऊन खेड्यात शिरणाऱ्या तरुणांना त्याची जाणीव असावयास हवी. त्यावर उपाय लपवाछपवी हा नव्हे. आपण कोण, कोठून आलो, हे सरपंचास आधी जाऊन सांगावे, खेळाची गोष्ट त्याला ऐकवावी, आणि तो नको म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या गावी जावे. बेथलेहेमचा खेळ ख्रिस्ती वस्तीत किंवा ख्रिस्तमंदिराच्या आवारात करावा; गावच्या चौकात गावाची गोष्ट करावी. उधळ्या पुत्राची कथा चौकातही चालेल, कारण शेत विकून शहरात गेलेला मुलगा आणि दाराशी वाट पाहणारा बाप प्रत्येक गावात असतो. पण ती गोष्ट कोणाची आहे असे कोणी विचारलेच तर सरळ सांगून टाकावे. रिकाम्या हाताने येऊन गावची भाकरी खाणाऱ्यावर आमिषाचा आरोप करणे जरा अवघड जाते, हाही त्या पहिल्या नियमाचा एक लाभ.

आता थोडे हातचे काम. दोरीची बाहुली साधावयास वर्षे लागतात; सुटीतील पथकाने तिच्या नादी लागू नये. हातमोज्यासारखी घालावयाची बाहुली बरी. तर्जनी मानेत, अंगठा व मधले बोट दोन हातांत, अंगावर झबले. डोके कागदाच्या लगद्याचे. जुनी वर्तमानपत्रे रात्रभर भिजवून, कुटून, मेथीच्या पिठाची चिकी घालून मातीच्या साच्यावर चढवावे म्हणजे हलके व टणक होते. पंधरा बाहुल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतात. तालीम महिनाभर आधी सुरू करावी, कारण हात डोक्यावर धरून वीस मिनिटे उभे राहणे वाटते तितके सोपे नाही. पाचव्या मिनिटालाच बाहुली हळूहळू पडद्याआड बुडू लागते आणि प्रेक्षकांस नुसते केस दिसतात. जी बोलते तिनेच हलावे, बाकीच्यांनी तिच्याकडे पाहत स्तब्ध राहावे; सगळ्या एकदम डुलू लागल्या की कोण बोलते ते कळत नाही. ध्वनिक्षेपक नेऊ नये. ज्याचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही त्याने शिट्टी फुंकावी आणि ढोलकवाल्यावर भरवसा ठेवावा. पडद्याच्या खालच्या कडेला वाळूच्या पुरचुंड्या शिवाव्यात, नाहीतर सायंकाळच्या वाऱ्याने ऐन रंगात पडदा उडतो. मुलींना बरोबर न्यावयाचेच, आणि त्यासाठी आयांपैकी दोघींनी संगतीस यावे; म्हातारीच्या बाहुलीचा आवाज बहुधा त्यांच्यातलीच एखादी सर्वांत उत्तम काढते.

खेळ संपला की गावची मुले पडद्यामागे धावतात. जुने भाट त्यांना हाकलून देत. त्यांचे पोट त्या गुपितावर होते. तरुण पथकाला गुपिताची गरज नाही. बाहुली त्यांच्या हातात द्यावी, बोटे कोठे घालावयाची ते दाखवावे, शिट्टी कशी फुंकावयाची तेही सांगावे. ट्रंकेतील दोन बाहुल्या मुद्दाम साध्या ठेवाव्यात, पोरांच्या हातात फाटल्या तरी चालतील अशा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, ट्रंक मकरपुऱ्यास परत येईल. तेव्हा डोकी उन्हात घालावीत, झबली धुवावीत, आणि कडुनिंबाचा पाला घालून ट्रंक बंद करण्यापूर्वी एका वहीत गावोगावच्या ढोलकवाल्यांची नावे आणि त्यांनी खेळात घातलेली नवी वाक्ये टिपून ठेवावीत. पुढच्या वर्षीचा खेळ त्या वहीतूनच लिहावयाचा आहे.